तांडेलाचा पाय ब्रेकवर

परवा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा निखिल गाडीचं पुढचं चाक काढून बसला होता. रविवार सकाळ, अंगात बनियन, हात कोपरापर्यंत काळे. मोबाइल विटेला टेकवून ठेवलेला आणि त्यात कोणी परदेशी गृहस्थ चाक कसं खोलायचं ते दाखवत होता. माझं वय झालंय, पण दूध अजून मीच आणते. जाता जाता म्हटलं, "काय रे, काय मोडलं?"

"मोडलं नाही आजी, कॅलिपर चिकटलाय. ब्रेक दाबला की धरतो, पण सोडतच नाही. आत पिस्टन जाम झालाय. टेन्शन नाही, होईल."

तेवढ्यात मला तो वास आला. तापलेल्या ब्रेकचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. मी दुधाची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "मुशीचं तेल नाही ना घातलंस त्यात?"

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. म्हातारीला चळ लागला असं वाटलं असणार त्याला. वाटू दे. जोमा तांडेल ठाऊक नसलेल्या माणसाला हा प्रश्न कळणार तरी कसा?

मी मूळची साताऱ्याकडची. बाविसाव्या वर्षी शिरवण्याच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा नवी मुंबई हा शब्दसुद्धा जन्माला आला नव्हता. एका बाजूला खाडी, खाडीलगत मिठागरं, मग भातखाचरं आणि मध्ये कौलारू घरांचं आगरी गाव. शाळा दोन खोल्यांची, इयत्ता चार, मास्तरीण मी एकटी. राहायला जागा मिळाली ती जोमा तांडेलाच्या घराची पडवी. खाऱ्या वाऱ्याची सवय नसलेली मी पहिले आठ दिवस नुसती शिंकत होते. जोमा म्हणाला, "शिंका मास्तरीनबाय, शिंका. आतला साताऱ्याचा वारा भायेर जाऊं दे." तेव्हाच कळलं, हा माणूस आपल्याला सरळ जगू देणार नाही.

पन्नाशीचा, ठेंगणा, काळा कुळकुळीत, खांदे दाराएवढे. जमिनीवरसुद्धा पाय फाकवूनच चालायचा, कारण उभा जन्म होडीवर गेलेला. तळहातांवर दोराचे घट्टे. बोलणं वाऱ्याविरुद्ध ओरडल्यासारखं, मग समोरचा माणूस हातभर अंतरावर का असेना. मिठागराच्या शेठचं मीठ मचव्यातून मुंबईला पोचवायचं हे त्याचं काम. मचव्याचा तांडेल म्हणजे कप्तानच की. पायात चप्पल कधी नाही. पुढे गाडी आली तेव्हाही नाही. "पायाला पेडल कललं पायजे," म्हणायचा. "चपलेला काय कलतंय?"

त्याची बायको हौसाबाई. ती आजूबाजूच्या वीस गावांची धवलारीण होती. आता ही धवलारीण काय असते ते सांगायला हवं. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणतात, म्हणजे लग्नाच्या एकेका विधीचं गाणं. हळद दळण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचा धवला असतो, आणि धवलारीण गात नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. भटजी उशिरा आला तर लोक थांबतात, धवलारीण आली नाही तर रडकुंडीला येतात. हौसाबाईचा आवाज गोड म्हणण्यासारखा मुळीच नव्हता. रुंद, खरबरीत, खणखणीत. खाडीच्या या काठावर गायली तर पलीकडच्या काठावरची माणसं हातातलं काम ठेवून ऐकत, असं सगळे सांगायचे. मी मात्र ऐकला नव्हता. कारण मी आले त्याच्या वर्षभर आधीच तिचे गुडघे गेले होते. ओट्यावरून चुलीपर्यंत भिंत धरून जायची, बस्स. एकदा बैलगाडीतून लग्नाला नेली, तर धक्क्यांनी पंधरा दिवस अंथरुणात पडली. त्यानंतर तिनं शपथच घातली, बैलगाडीचं नाव काढायचं नाही.

मी एकदा म्हटलं, "मग इथं ओट्यावरच म्हणा की एखादा." तिनं कानाला हात लावले. "लगीन नाय तं धवला नाय, मास्तरीनबाय. उगा गाऊन वाया घालवायचा नस्तो." हा तिचा कायदा होता. त्यामुळे तीनेक वर्षं त्या घरात धवला नव्हता. ती वाल सोलायची, जाळ्याची दोरी वळायची, शेजारणींना टोमणे मारायची, पण मधेच ओठ हलायचे आणि आवाज निघायचा नाही. जोमा तेव्हा अंगणात काहीतरी ठोकत बसलेला असायचा. तिचे ओठ हलले की त्याचा हातोडा थांबायचा. मी हे कितीदा तरी पाहिलंय.

त्यांचं लग्न कसं झालं ते हौसाबाईनं मला वाल सोलता सोलता सांगितलं होतं. तिच्या गावी कुणाचं तरी लग्न होतं, वऱ्हाड होडीनं खाडीतून आलं. भरतीची वेळ, होडी वाहून जाऊ नये म्हणून कुणीतरी दोर धरून बसायला हवं होतं. वीस वर्षांचा जोमा बसला. मांडवात तेव्हा तिची आई धवले म्हणत होती आणि ही मागून साथ देत होती. "ह्यानं मना पायली बी नव्हती. नुस्ता आवाज आयकला," ती म्हणाली. "सगला वऱ्हाड जेवला, ह्याला कोनी हाकच मारली नाय. तसाच उपाशी बसला दोर धरून. दुसरे दिवशी बापाला घेऊन दारात हजर." मग वालाची एक शेंग त्याच्या दिशेनं भिरकावून म्हणाली, "यवढी भूक लागली व्हती, तं भात मागायचास. मना कशाला मागितलीस?"

आता गाडीचं. मिठागराच्या शेठची एक जुनी विलायती मोटार होती, काळी, उंच, डोळे बाहेर आलेली. एके दिवशी मिठागराच्या बांधावर ती जी बंद पडली ती काही केल्या सुरू होईना. शेठ वैतागून होडीनं परत गेला आणि जाता जाता म्हणाला, "हवी तर तूच घेऊन जा, जोमा." शेठ थट्टेनं म्हणाला असेल. जोमानं दुसऱ्या दिवशी चार बैल लावून गाडी अंगणात आणली.

सगळं गाव हसलं. जोमा इंजिनाला हातही लावीना, पहिला महिनाभर नुसते ब्रेक खोलून बसला. मी म्हटलं, "तांडेल, आधी चालू तरी करा." त्यावर त्यानं मला त्याचं ब्रह्मवाक्य ऐकवलं, "आदी थांबायचा शिकावा, मंग चालायचा. होरीला ब्रेक नस्तो, म्हनून तं तांडेल लवकर मातारा होतंय." पनवेलला इब्राहिम मिस्त्री म्हणून ट्रक दुरुस्त करणारा एक भला माणूस होता. जोमा सायकलवरून त्याच्याकडे जायचा, एकेक गोष्ट बघून यायचा आणि घरी येऊन करायचा. सहा महिन्यांत गाडी चालू झाली. हौसाबाईनं ओट्यावरून तिच्याकडे बघून जाहीर केलं, "आनली सवत घरात."

तेव्हापासून गाडीचं नाव सवत. हौसाबाई काही त्या गाडीत बसायला तयार होईना. "सवतीच्या मांडीवर मी बसनार नाय," म्हणायची.  मागचं बाक काढून जोमानं तिथं काथ्याची गादी घातली, पाय लांब करून बसता येईल अशी. ती कुणासाठी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

गाडी चालवायची तर होडीसारखीच. निघण्याआधी भरतीची वेळ बघायचा, कारण उधाणाला बांधावरचा रस्ता पाण्याखाली जायचा. "आज बारा वाजेपोत निघता नाय येनार, पानी हाय," असं गाडीवाला सांगतोय हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ब्रेक दाबण्याआधी मोठ्यानं ओरडायचा, "थांबतूं रं!" आणि मगच थांबायचा. गाडीत एकटा असला तरी ओरडायचा.

आणि ज्येष्ठ लागला की काय करायचा? आगरी-कोळी माणूस होडीचं जे करतो तेच. होड्या काठावर ओढून घेतात, खाली ओंडके देतात, वर झाप घालतात, म्हणजे नारळीच्या विणलेल्या झावळ्या, आणि लाकडाला मुशीच्या कलेजीचं तेल पाजतात. मुशी म्हणजे तो दात असलेला मोठा मासा, शार्क. त्या तेलाचा वास म्हणजे, काय सांगू, साताऱ्याच्या माणसानं पहिल्यांदा घेतला तर जेवण चुकतं. जोमानं गाडी ओंडक्यांवर चढवली, वर झाप घातला आणि हँडब्रेक जीव खाऊन ओढला. हौसाबाई म्हणाली, "माजं छप्पर गलतंय आनि सवतीला झाप." पण झाप आधी गाडीचाच झाला.

त्या पहिल्या वर्षी नारळी पौर्णिमेला होड्यांबरोबर गाडीलाही नारळ वाढवला. हळदकुंकू झालं, इंजिन सुरू झालं, गाडी काही हलेना. दहा माणसांनी ढकलली तर मागची दोन्ही चाकं फिरण्याऐवजी फरफटत गेली आणि अंगणात दोन नांगरटी पडल्या. तीन महिने हँडब्रेक ओढून ठेवलेला. खाऱ्या दमट हवेनं ब्रेकच्या पट्ट्या आत डब्याला चिकटून बसलेल्या. इब्राहिम मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, उभ्या गाडीला हँडब्रेक कशाला ओढून ठेवलास?"

"नांगर टाकल्याबिगर होरी कोन सोरतंय?" जोमा म्हणाला. त्याच्या दृष्टीनं चूक मिस्त्रीची होती. पण त्यानंतर हँडब्रेकला म्हणून त्यानं कधी हात लावला नाही. गाडी उभी केली की चाकामागे दगड, आणि दगडावरही भरवसा नाही म्हणून पाय ब्रेकवर.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट खरी. तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली. खाडीकाठच्या पावणे गावची पारूबाई, हौसाबाईची बालपणची मैत्रीण, नारळसुपारी घेऊन दारात आली. तिच्या मुलीचं, कमळीचं लग्न ठरलं होतं. पारूबाईच्या लग्नात हौसाबाई गायली होती, कमळीच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी तिनं शब्द दिला होता की हिच्याही लग्नात गाईन. पारूबाई सुपारी ठेवून म्हणाली, "येशील ना गो? नायतं घरचे बेंडबाजा सांगतात. पोरगी म्हनते, मावशी नाय तं मना बाजा नको आनि काय बी नको."

हौसाबाई गुडघ्यांकडे बघत राहिली.  शेवटी म्हणाली, "सुपारी उचल पारू. माजे गुडघे पावन्यापोत नाय येनार."

अंगणातून जोमा ओरडला, "गुडघे राहूं दे घरी. तू गारीतून ये."

मला वाटलं आता सवतीवरून काहीतरी ऐकायला मिळणार. पण हौसाबाईनं नवऱ्याकडे बघितलं, मग झापाखालच्या गाडीकडे, मग आत दिसणाऱ्या त्या काथ्याच्या गादीकडे. सुपारी उचलून कनवटीला लावली. "बघूं तं खरी," एवढंच म्हणाली. जोमा दिवसभर शीळ घालत होता.

हळदीला तीन दिवस होते. त्या वर्षी पाऊस लांबला म्हणून गाडी अजून बाहेर काढलीच नव्हती. जोमानं झाप काढला, गाडी पुसली आणि म्हणाला, शाळेपर्यंत एक चक्कर मारून बघतो. मी वर्गात पाढे घेत होते. "थांबतूं रं!" ऐकू आलं, गाडी शाळेसमोर थांबली. आणि मग निघेचना. इंजिन कण्हत होतं आणि चाकांतून धूर. पोरं खिडक्यांना लोंबकळली, पाढे संपलेच. पोरांनी आणि शेतातल्या माणसांनी ती कशीबशी ढकलत अंगणात नेली. मीही मागोमाग गेले. चाकाजवळ हात नेववत नव्हता इतकं तापलेलं.

जोमा चाकापुढे उकिडवा बसून डोकं खाजवत होता. "हँडब्रेक ओढला नाय. शपथ. हातच नाय लावला. मंग का धरतंय?"

ओट्यावर हौसाबाईनं नाक वर केलं. दोनदा हुंगलं. "मुशी कोन जालतंय?" तिनं विचारलं.

कुणीच मुशी जाळत नव्हतं. तिनं पुन्हा हुंगलं, आणि तिची नजर धुराच्या मागोमाग जात जात चाकावर येऊन थांबली. "आवो तांडेल. सवतीला काय पाजलंव?"

जोमाचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. ज्येष्ठात गाडी झाकताना ब्रेकचं तेल कमी झालेलं त्याला दिसलं होतं. होडीसाठी काढलेलं मुशीचं तेल शेजारी होतं, घरी कढवलेलं, पहिल्या धारेचं. त्यानं जुनं सगळं तेल काढून टाकलं आणि प्रेमानं हे भरलं. "होरीला चांगलं पाजायचं आनि हिला तसंच ठेवायचं?" तो पुटपुटला. "तेल म्हंजे तेल."

हौसाबाई हसायला लागली ती थांबेचना. गुडघे धरून हसली, पदर तोंडात घालून हसली. मग हळूहळू तिचं हसू ओसरलं आणि कनवटीच्या सुपारीवर हात गेला. जोमानं ते पाहिलं आणि उठून हत्यारं आणायला गेला.

होडी उचलायच्या वाशांनी त्यानं गाडी उचलली आणि खाली ओंडके दिले. चाक काढलं, ठोकून ठोकून आतला लोखंडी डबा सोडवला. आत दोन अर्धगोल पट्ट्या आणि त्यांना ढकलणारं एक बोटभर नळकांडं. तेलाच्या जोरानं नळकांड्यातल्या दोन लोखंडी गोट्या, म्हणजेच पिस्टन, बाहेर सरकतात, पट्ट्या डब्याला घासतात, गाडी थांबते. पाय काढला की सगळं मागे यायला हवं. इथं गोट्या बाहेर आल्या होत्या त्या तशाच राहिल्या होत्या. पकडीनं ओढून काढल्या तेव्हा त्यांच्या मागच्या रबरी वाट्या हातात आल्या, भिजत घातलेल्या वालासारख्या टरटरून फुगलेल्या. मुशीच्या तेलानं रबर फुगलं होतं. चारही चाकांत तीच तऱ्हा. जोमानं त्या आठ वाट्या ओट्यावर बायकोपुढे ओळीनं मांडल्या. "बघ. मीच केलं." कबुली द्यायची त्याची ही पद्धत.

ती म्हणाली, "मंग आता निस्तर."

दुसऱ्या दिवशी पहाटे वाट्या रुमालात बांधून तो सायकलवरून पनवेलला गेला आणि दुपारी परत आला. नव्या वाट्या मिळाल्या होत्या, ट्रकासाठी ठेवलेल्या मिस्त्रीनं काढून दिल्या. पण ब्रेकचं तेल नव्हतं, ठाण्याहून यायला आठ दिवस. हळद परवावर आलेली. जोमा ओट्याच्या पायरीवर बसला आणि बायकोकडे न बघता मला म्हणाला, "मिस्त्री म्हंतो, दुसरा उपाय हाय. पूर्वीचे लोक एरंडेल आनि स्पिरिट मिसलून घालायचे. रबराला एरंडेल चालतंय. पन यवढा एरंडेल आनू कुठून?"

अहो, मी शाळामास्तरीण. एरंडेल कुठं असतं ते मला नको विचारायला? त्या काळी दर रविवारी सकाळी घरोघरी पोरांना नाक दाबून एरंडेल पाजत. गावात असं एक घर नव्हतं जिथं फळीवर ती बाटली नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभं राहून सांगितलं, ज्याच्या घरी एरंडेल असेल त्यानं ते जोमा तांडेलाच्या अंगणात आणून द्यावं. शाळेच्या इतिहासात माझ्या एकाही आज्ञेचं असं पालन झालं नाही. मधल्या सुट्टीच्या आत अंगणात बाटल्यांची रांग लागली. काही पोरांनी दोनदोन आणल्या, शेजारच्या घरातली सुद्धा. एक आई रागानं बाटली परत न्यायला आली, तर हौसाबाईनं तिला बसवलं आणि कमळीच्या लग्नाचं सांगितलं. ती बाटली ठेवूनच गेली. स्पिरिट माझ्या स्टोव्हचं. तीन दिवस मी चुलीवर धुरात स्वयंपाक केला आणि माझी कुणाला दया आली नाही.

जोमानं नळकांडी राखेनं आणि काथ्यानं घासून आरशासारखी केली, स्पिरिटनं धुतली, नळ्या फुंकून साफ केल्या. या वेळी मिस्त्रीनं सांगितलेलं प्रत्येक वाक्य तो पुटपुटत होता. नव्या वाट्या एरंडेलात बुडवून बसवल्या. राहिलं शेवटचं काम, नळीतली हवा काढायची. एकानं गाडीत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं खाली चाकाशी स्क्रू ढिला करायचा, मग पुन्हा आवळायचा. गावातली माणसं भाताच्या मळणीला. उरले मी.

मी बसले आणि पायानं पेडल चाचपलं. जोमा गाडीखाली. तो "दाब" म्हणायचा तर मला ऐकूच येईना, इतका मोठा आवाज असून गाडीखाली गुदमरायचा. मग ओट्यावरून हौसाबाई त्याचं ऐकून मला ओरडून सांगायला लागली. "दाब गो मास्तरनी! सोर गो मास्तरनी!" पहिल्या चाकाला ती नुसती ओरडत होती. दुसऱ्या चाकाला त्यात ठेका आला. तिसऱ्याला माझा पाय त्या ठेक्यावर आपोआप पडायला लागला, आणि चौथ्याला तिचा आवाज "दाब गो"वर असा काही उचलला गेला की माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात ती चपापली. तोंडावर हात ठेवला. "लगीन नाय तं धवला नाय," स्वतःलाच म्हणाली.

गाडीखालून पुढची हाक येईना. मी वाकून विचारलं, "तांडेल, दाबू का?"

"जरा थांब," खालून आवाज आला. "डोल्यात काय तरी गेलंय."

संध्याकाळी चारही चाकं वर उचललेली होती. मी दाबलं, धरली. सोडलं, सुटली. जोमानं एका चाकाला हातानं गती दिली आणि ते बराच वेळ गरगर फिरत राहिलं. शेजारणीनं कुंकू आणलं, हौसाबाईनं चाकाला लावायला सांगितलं. "सवत असली तं काय झालं, कामाची हाय," म्हणाली.

मी त्या गावात आणखी तीन वर्षं होते. पुढे बदली झाली. मिठागरं गेली, पावण्याला कारखाने उभे राहिले, मी लग्न करून फिरत फिरत पुन्हा याच परिसरात नेरूळच्या फ्लॅटमध्ये येऊन पडले. तोवर जोमा गेला होता, हौसाबाई त्याच्या आधीच. गाडीचं काय झालं कुणी सांगेना. पण हौसाबाई होती तोवर ती लग्नसराईत गावोगाव फिरली म्हणे, आणि "थांबतूं रं!" ऐकलं की गावातली माणसं ओळखायची, धवलारीण आली. ऐकलेलं राहू दे. मला जोमा आठवतो तो त्या दिवशीचा, पावण्याच्या अंगणातला.

आम्ही उधाण ओसरल्यावर निघालो. हौसाबाई नवं लुगडं नेसून काथ्याच्या गादीवर पाय लांब करून बसली, मी पुढे. बांधावर बगळे उडाले, वाटेतल्या प्रत्येक वळणावर "थांबतूं रं!" झालं, गाडी दर वेळी थांबली आणि दर वेळी सुटलीही. वास आलाच तर एरंडेलाचा. हौसाबाई मागून म्हणाली, "सवतीचं पोट साफ असंल आता." जोमा मान मागे टाकून हसला आणि गाडी जवळजवळ खाचरात गेली.

पावण्याला पोचलो तर मांडवाच्या तोंडाशी बायका उभ्या. कमळी हळदीच्या पाटावरून उठून धावत आली. ती नि पारूबाई, दोघींनी हौसाबाईला खांद्यावर घेतल्यासारखी आत नेली. तिला जात्यापाशी बसवलं. तिनं पदर सारखा केला, डोळे मिटले, आणि पहिला धवला काढला.

काय सांगू तुम्हाला. तीनेक वर्षं कोंडलेला आवाज. मांडवातली पोरं गप्प झाली, वाजंत्र्यांनी वाद्यं खाली ठेवली, एक म्हातारा काठी टेकत रस्त्यावरून आत आला आणि दारातच बसला. आजूबाजूच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. मीही पुसले. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पंगती बसल्या. भात, वालाचं बिरडं, वडे. मी जोमाला शोधलं तर मांडवात नाही. बाहेर आले. सगळी पुरुषमंडळी आत, आणि अंगणाच्या टोकाला गाडीत जोमा एकटा सुकाणू धरून बसलेला. डोळे मांडवाकडे, गालांवरून पाणी वाहतंय, पुसण्याचं भान नाही. आतून धवला तसाच चाललेला.

मी जवळ गेले तसा त्यानं खांद्यानं गाल पुसला. म्हटलं, "तांडेल, चला जेवायला."

"कसा येऊ?" तो म्हणाला. "पाय ब्रेकवर हाय. काडला तं गारी सरल खाडीत जाईल."

मी खाली बघितलं. अंगण ताटासारखं सपाट होतं. चारही चाकांना पुढून-मागून दगड लावलेले होते, त्यानंच. खाडी तिथून अर्ध्या मैलावर होती.

मी आत गेले आणि हौसाबाई गाता गाता श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिच्या कानात सांगितलं. तिनं डोळे उघडले नाहीत. पत्रावळ वाढणाऱ्या पारूबाईला हातानं खूण केली, दोन वडे जास्त घालायला लावले आणि मला म्हणाली, "गारीतच नेऊन दे गो. तवा उपाशी रायला व्हता."